चार दिवस गप्प असलेली थप्पी

"आकडा येत नाही म्हणजे गहू थंडच आहे, असं कुठे असतं का दादा? उद्या नाडी लागली नाही तर म्हणशील, ताप नाही!"

"यंत्रं तुझी बिघडली आणि शंख माझ्या नावाने! दारातली पेटी तर ठणठणीत चालतेय."

"तीच तर बोंब आहे!"

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी जेवतानासुद्धा तिचा एक पाय दाराकडे असायचा, तेव्हा जे चिकटलं ते चिकटलं. थोरला भाऊ गोदाम सांभाळायचा आणि ती गोदामातले सेन्सर. आठ चिमुकल्या पेट्या, पोत्यांच्या थप्प्यांच्या कुशीत खोचलेल्या, धान्याची ऊब मोजणाऱ्या. एकीने मुकादम व्हायचं, सगळ्यांचे आकडे गोळा करून ऑफिसात धाडायचे. हे काम बॅटरी खातं, म्हणून मुकादमकी फिरती. जिची बॅटरी जास्त भरलेली, तिची पाळी.

यंदा दादाने वाटेतही पोती रचली. खालून मागच्या पेट्यांपर्यंत जायला मांजरालासुद्धा फट उरली नाही. मग भिंगरी दर आठवड्याला हाताशी असलेल्या एकाच, दारातल्या पेटीची बॅटरी बदलत राहिली. दर वेळी तीच ताजी, म्हणून दर वेळी तीच मुकादम. मागच्या पेट्यांनी आपले आकडे इतक्या लांब, दारापर्यंत ओरडून पोहोचवायचे म्हणजे जिवावरचं काम. ओरडून ओरडून त्यांच्या बॅटऱ्या संपल्या, आणि मागची थप्पी चार दिवस गप्प. हे तिला आज सकाळी उमगलं आणि तेव्हापासून तिचा पाय ठरत नव्हता.

"माझी चूक मी लिहून देते. तू वाट मोकळी कर."

"उद्या माल उचलायला गाड्या येतायत. पोती काय तुझा नवरा हलवणार?"

"त्याला स्वतःचा डबा उचलवत नाही, त्याला मध्ये आणू नकोस! आत गहू तापून सडला असेल, तर लोकांच्या पोटात जाईल तो."

"असेल तर! तुझं सगळं जर-तरचं."

ती तडक पोत्यांवर चढली, रांगत मागच्या थप्पीवर पोहोचली. "ये वर."

कुरकुरत तोही आला. तिने वरच्या पोत्याची शिवण उसवली.

"घाल हात. कोपरापर्यंत. आणि मला सांग, थंड आहे."

त्याने हात घातला. काढला. गव्हाच्या वाफेने ओला झालेला तळहात शर्टाला पुसला, पुन्हा पुसला.

"सांग ना, दादा. उद्या गाड्यांत भरायचं का हे?"

तो पोत्यांवरून खाली उतरला आणि मागे वळूनही न बघता दाराबाहेर निघून गेला.