वाटीतलं पाणी

सहा वर्षं झाली, हे माझ्या तोंडून कुणापाशीच निघालेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच काय ते माझं धाडस.

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, घशाचं ऑपरेशन झालं होतं. जन्मभराची तंबाखू. गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवली. श्वास तिथूनच, आणि बोलणं कायमचं बंद. कफही तिथूनच काढायचा. आमच्या जळकोटात लाइटीचा भरवसा नाही, म्हणून पायानं दाबायचा पंप आणला होता. पाय पंपावर, हातात बारीक रबरी नळी. ती भोकातून आत सोडायची, पाय दाबत राहायचं, की घर्र घर्र करत कफ बाजूच्या बाटलीत. शेवटी नळीचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवून तेही ओढून घ्यायचं, म्हणजे नळी साफ.

हे सगळं शोभा करायची, माझी बायको. दिवसातून सात-आठ वेळा. मी? मी त्या बाटलीकडं बघायचोसुद्धा नाही. हिरवट-पिवळं, तार धरणारं, कधी रक्ताची रेघ — आणि तो वास, आंबट, कुजका. ताटावर बसलं तरी नाकात तोच. कफाची किळस यायची, असं मी स्वतःला सांगायचो. खोटं. मला आबांची किळस यायची.

शोभाच्या भाचीचा साखरपुडा होता, तेरला. सात महिन्यांत ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. निघताना म्हणाली, "घरघर आयकू आली की लगीच काढा बरं का. मामांला हाक मारता येत न्हाय."

"मला काय कळत न्हाय व्हय?" मी म्हणालो.

दुपारी घरघर सुरू झाली. आबांनी खाटेच्या माचव्यावर बोटं वाजवली — ती त्यांची हाक. मी नळी हातात घेतली. गळ्यातल्या भोकाशी एक पिवळा बुडबुडा फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. मी नळी मागं घेतली. बाहेर ओसरीत आत्या बसलेली, आबांची थोरली बहीण. डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र तिखट.

"पंपाचा आवाज येईना रं! काढतूस का न्हाय?"

मग मी काय केलं — नळी आबांच्या गळ्यात सोडलीच नाही. वाटीत धरली, आणि पाय दाबू लागलो. वाटीतलं पाणी घर्र घर्र करत बाटलीत आलं. आवाज अगदी तोच.

"निघालं का रं?"

"निघालं, आत्या. लई होतं."

आबा माझ्याकडं बघत होते. सगळा वेळ.

संध्याकाळपर्यंत असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा आबांनी बोटं वाजवलीच नाहीत. घरघर ऐकून आत्यानंच ओरडून उठवलं मला.

शोभा आली तेव्हा बाटली धुऊन ठेवलेली. "अगं बया, बाटली बी धुतली?" केवढी खूश झाली! मग तिनं पंप लावला. कफ घट्ट झालेला, निघता निघेना. "आज लईच हाय की वो." मी म्हणालो, दुपारपासनं असंच चाललंय.

चौथ्या दिवशी ताप भरला. धाराशिवला नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत जंतू झालेत — नळी रोज उकळत होता का? सगळ्यांनी शोभाकडं पाहिलं. ती चाचरली. "उकळत हुते... एकांद्या टायमाला ऱ्हायली असंल." मी तिच्या शेजारीच उभा होतो. चपलांकडं बघत.

नवव्या दिवशी आबा गेले.

त्या दुपारमुळंच गेले का? कोण सांगणार? कदाचित तसेही गेले असते. पण हे 'कदाचित' मी शोभाच्या वाट्याला कधी येऊ दिलं नाही. शेजारणीनं तान्हं बाळ पुढं केलं तर ती घेत नाही. "माज्या हातात नगं," म्हणते, आणि पदराला हात पुसते. आणि आत्याचं ऐकून मला लोक म्हणतात, बापाचं असलं काम करणारा लेक मिळायला नशीब लागतं. मी मान हलवतो. हलवतो! मग मोरीत जाऊन थुंकतो.

शोभा नळी रोज उकळत होती. एकदाही चुकली नाही. मी बघत होतो. हे तिला सांगणं माझ्याकडं राहिलेलं आहे.