बाळंतिणीचं पाणी

आमच्या वैद्यकीय शाळेत शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला बाळंतिणीच्या शुश्रूषेवर एक निबंध लिहावा लागे. विषय ज्याने त्याने दिवाळीच्या सुटीत ठरवायचा आणि शाळा उघडली की सगळ्यांदेखत उभं राहून मास्तरांना सांगायचा. एकोणीसशे तीसच्या आगेमागची ही गोष्ट. तोवर मी उभ्या आयुष्यात एकच बाळंतपण पाहिलं होतं, तेही पुढे उभ्या असलेल्या एका उंच विद्यार्थ्याच्या मानेमागून. त्या मानेवर एक तीळ होता, एवढंच मला त्या बाळंतपणातलं स्पष्ट आठवतं.

विषय मात्र मी सुटी लागायच्या आधीच मनाशी पक्का केला होता: बाळंतिणीला येणारे झटके. या रोगाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं आणि ते मला न अडखळता म्हणता येई. याहून खोल कारण निवडीमागे नव्हतं. मास्तरांना अशी नावं आवडत आणि मला मास्तरांना आवडायचं होतं.

मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीला उतरलो तो काखेत जाडजूड पुस्तक धरून. घरी ताई नुकतीच बाळंत झाली होती, पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. मुलगी झाली होती. मला दाराबाहेरूनच भाची दाखवली, म्हणजे एक गुंडाळलेलं फडकं दाखवलं, आणि मी डॉक्टरी आवाजात "छान आहे" म्हणालो.

माजघराला लागून बाळंतिणीची खोली. एकुलती एक खिडकी गोणपाट कोंबून बंद केलेली, बाजेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी. आश्विनातला उकाडा, बाहेर अंगणात चिऱ्याची पायरी भाजत होती, आतलं तर विचारूच नका. खोलीत जायचं ते शेकायला येणाऱ्या बाईने. बाकी कुणी दहा दिवस ताईला शिवायचं नाही. शिवलं तर विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ, मगच घरात वावर. हा कायदा आत्याचा. आत्या वडिलांची थोरली बहीण, कायम सोवळ्यात, आणि तिच्या शब्दापुढे वडीलही खाकरून गप्प बसत.

मी माजघरात त्या दाराला पाठ टेकून झटक्यांवरचं प्रकरण मोठ्याने वाचत असे. घरातल्यांना कळावं, मुलगा काय शिकतोय ते. दुसऱ्या दिवशी दारामागून आवाज आला.

"ए शहाण्या."

"काय गो?"

"तुझ्या त्या पुस्तकात पाणी आहे का कुठे?"

"म्हणजे?"

"पाणी रे. प्यायचं. घसा चिकटलाय माझा. हिला पाजायला दूध नाही. शेपांचा काढा देतात, तोही पळीने मोजून. जीभ लाकडासारखी झालीय."

मी पुस्तक चाळलं. झटक्यांवर पानंच्या पानं होती. बाळंतिणीने पाणी प्यावं की नाही, यावर एक ओळ नाही. लिहिणाऱ्या साहेबाच्या डोक्यात असा प्रश्न पडू शकतो हेच आलं नसावं.

मी आत्याकडे गेलो आणि भाषण दिलं. रक्त, दूध, घाम, सगळं पाण्यावर कसं चालतं ते सांगितलं. मधे दोन इंग्रजी शब्दही टाकले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू किती बाळंतपणं केलीस रे?"

"मी एक पाहिलंय."

"पुढून?"

कसं कळलं तिला, देव जाणे.

"माझी धाकटी जाऊ," आत्या म्हणाली, "बाळंतीण असताना चोरून तांब्याभर पाणी प्याली. फणफणून ताप आला नि गेली. माझ्या मांडीवर गेली. बाळंतिणीचं अंग कच्चं असतं. तुझ्या पुस्तकाला मांडी आहे काय?"

त्या बाईला ताप पाण्याने आला नसणार, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि आत्यासमोर म्हणणं यात फरक होता. मी माजघरात परतलो. दारामागे भाची रडत होती, आणि तिचं रडणंही कोरडं वाटायला लागलं होतं. मी पुस्तक मिटलं ते त्या सुटीत पुन्हा उघडलं नाही.

मग मी ती सुप्रसिद्ध युक्ती केली, जिच्यावरून घरात मला अजूनही चिडवतात. परसातल्या पपईच्या पानाचा लांब पोकळ देठ कापला, मागच्या बाजूने जाऊन खिडकीच्या गोणपाटातून आत सरकवला आणि हळूच म्हटलं, "ताई, तोंडात धर." उकळून गार केलेलं पाणी मी बाहेरून ओतायचं, तिने आत प्यायचं. शास्त्रीय दृष्ट्या योजना निर्दोष होती. पण ताईला बाजेवरून देठापर्यंत पोचता येत नव्हतं, हे मला न दिसल्यामुळे मी ओततच राहिलो, आणि ते सगळं पाणी सरळ, शेकायला बाजेखालून खिडकीपाशी ओढलेल्या शेगडीवर पडलं.

फस्सकन आवाज झाला. खोलीत राखेचा आणि धुराचा लोट उठला. ताई खोकायला लागली, पोर किंचाळली, शेकणारी बाई "आग! आग!" ओरडत बाहेर पळाली. मी घराला वळसा घालून धावलो, दार ढकललं, एका हाताने पोर उचलली, दुसऱ्या हाताने ताईला उठवून दारात आणून बसवलं.

समोर आत्या.

"शिवला!" ती म्हणाली. आग लागली असती तरी तिचा चेहरा इतका उतरला नसता. "दोघींना शिवला मेला! पोरीला आत ठेव. नि हो विहिरीवर. डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही."

मी निघालोही होतो. सवयच होती, आत्या म्हणाली की पाय आपोआप चालू लागत. पायरीपर्यंत गेलो आणि तिथे माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. आंघोळ केली की मी पुन्हा शुद्ध होणार, म्हणजे पुन्हा दाराबाहेर. नाही केली, तर मी ताईइतकाच विटाळलेला. मग मला त्या खोलीत जायला कोण अडवणार? आणि अडवणार कसं? माझा हात धरायचा तर आत्यालाच आंघोळ करावी लागणार.

मी मागे वळलो.

"मी आंघोळ करणार नाही."

"काय म्हणालास?"

"दहावा दिवस उजाडेपर्यंत करणार नाही. ताई उठेल तेव्हा मीही उठेन."

वडील पडवीतून डोकावले. "हा डॉक्टर होणाराय की बाळंतीण?"

"आधी बाळंतीण, मग डॉक्टर," मी म्हणालो. वडिलांना मी जन्मात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं. ते खाकरले.

अडचण एकच होती. विटाळलेला माणूस रहाटाला हात लावू शकत नाही, स्वयंपाकघरात जाऊ शकत नाही. पाणी कुठून आणणार? मी रिकामा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसलो. आई आतून आली. इतके दिवस ती आत्यापुढे एक अक्षर बोलली नव्हती. तिने उकळून ठेवलेलं पाणी घेतलं आणि न शिवता उंचावरून माझ्या तांब्यात ओतलं. तांब्या भरला, काठावरून सांडला, तरी ती ओतत होती आणि भिंतीकडे बघत होती.

"वहिनी!" आत्या म्हणाली.

"तो तहानलाय," आई म्हणाली. "त्याला का पाण्याची बंदी आहे?"

ताईने तो तांब्या दोन्ही हातांनी धरून एका दमात संपवला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी बोटाने पुसून तेही चाटलं. मग तांब्या माझ्यापुढे धरून म्हणाली, "आणखी."

नरकचतुर्दशीला पहाटे सगळं घर तेल-उटणं लावून न्हालं. मी पानभर फराळ, वरून टाकलेला, घेऊन माजघरात बसलो होतो.

"आजच्या दिवशी न्हाणार नाही तो नरकात जातो," आत्या लांबून म्हणाली.

"जाऊन बघतो. तिथे बाळंतिणींना पाणी देतात का विचारून येतो."

बोलायला सोपं होतं. खरं सांगायचं तर रोज सकाळी ताईच्या कपाळाला मी दोनदोनदा हात लावून बघे. ताप आला असता तर आत्याच्या जावेच्या शेजारी माझ्या बहिणीचं नाव लागलं असतं आणि लावणारा मी. थर्मामीटर मी मुंबईहून आणला होता, पण तो पहिल्याच दिवशी, पारा झटकून दाखवताना, खांबावर आपटून फोडला होता. आत्याही दाराच्या फटीतून बघत असे. आम्ही दोघं एकाच कपाळावर टपून होतो.

ताप आला नाही. दूध आलं. भाचीचं रडणं ओलं झालं. दहाव्या दिवशी शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या, "अगो, दोघांनाही एकदमच न्हाऊ घाला, वेखंड लावून!" आत्या एवढंच म्हणाली, "पोरीचं नशीब बलवत्तर." तिने तसूभरही माघार घेतली नाही.

शाळा उघडली. एकेक जण उभा राहून विषय सांगत होता, लांब लांब नावं. माझी पाळी आली.

"बाळंतिणीचं पाणी," मी म्हटलं.

वर्ग हसला. मास्तरांनी चष्मा काढला. "पाणी हा विषय नाही. पाणी सगळेच पितात."

"नाही सर. सगळ्या पीत नाहीत."

"विषय बदलेपर्यंत उभे राहा."

मी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही राहिलो. आठवडाभर घामट धोतरात नातेवाइकांत काढलेल्या माणसाला वर्गात उभं राहणं म्हणजे काय? शेवटी मास्तरच कंटाळले. "बसा. पण तांब्याभर पाण्यावर पानं किती लिहाल?"

"माझ्या आत्याला पटेल इतकी."

"मग संपायचा नाही तुमचा निबंध," ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

गुण कमी पडले. आत्याला निबंध वाचून दाखवला तेव्हा ती ऐकता ऐकता झोपली. पण दोन वर्षांनी ताई पुन्हा बाळंतपणाला माहेरी आली. आत्याने खिडकीत कोंबायला गोणपाट काढलं, तेव्हा ताई दारात हात आडवा लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आधी माझ्या भावाला आगबोटीने बोलवा. नि आला की त्याला आंघोळ करू देऊ नका."