उल्काकाकू मागे का फिरल्या

ओटावाच्या मराठी मंडळात सध्या अशी बातमी आहे की उल्काकाकू देशकर क्यूबेकच्या जंगलात अस्वल बघून आल्या वाटेने मागे पळाल्या. भाऊसाहेब ती सांगतात तेव्हा प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात: "ह्म्म्, अस्वल काळं होतं. ह्म्म्, आमच्या फ्रीजएवढं." डिम्पल आंटी वसईच्या. त्यांच्या अस्वलाला दोन पिल्लंही आहेत, आणि हातवारे इतके की शेजारच्याचा चहा सांडतो: "अरे काय सांगू तुला, ही पुढे, बेअर मागे, आणि पाठीवर ती एवढी बॅग!" दोघांचेही आवाज मी काढते आणि मंडळाच्या पॉटलक जेवणात त्यावर टाळ्या घेते. पण बातमी खोटी आहे. मी तिथे होते. अस्वल नव्हतं. काकू मागे फिरल्या एवढं मात्र खरं, आणि त्यांच्या हातात एक निळा पत्र्याचा डबा होता.

उल्काकाकू आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहतात. मूळच्या नागपूरच्या. इथे आल्यापासून रिटायर होईपर्यंत त्यांनी शहराची बस चालवली, फ्रीझिंग रेनमध्ये, हिमवादळात, दारुड्या पॅसेंजरांसकट. अजूनही स्वतःच्या कारला ब्रेक लावताना आरशात बघून "धरा बरं" म्हणतात. मागे कोणी नसतं. काका वारले तेव्हा मी बालवाडीत होते. मुलगा विक्रमदादा विनिपेगला.

गेल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना काकू घसरल्या आणि डावं मनगट मोडून बसल्या. विक्रमदादा मिळेल त्या फ्लाइटने आला. तो आईशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तसा बोलतो, आवाज खाली, हात टेबलावर. मी काकूंच्या जिन्यात बसून ऐकत होते.

"आई, बी रिअलिस्टिक. बेसमेंट फिनिश केलंय तुझ्यासाठी. सेपरेट वॉशरूम आहे. खिडकी आहे."

"खिडकीतून काय दिसते?"

"बॅकयार्ड."

"बॅकयार्ड, का बॅकयार्डातल्या गवताची मुळं?"

दादा म्हणाला, "उद्या पुन्हा पडलीस तर? दोन दिवस कोणाला कळणार पण नाही."

काकूंनी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवला. "मैत्रेयी पोट्टीला घेऊन येत्या जूनमध्ये त्या केबिनवाल्या वाटेवर जाऊन राहिली ना? मी पण जाते. पूर्ण वाट, माझी बॅग माझ्या पाठीवर. रविवारी दुपारचे बारा वाजायच्या आत पलीकडच्या टोकाला पोचली, तर बेसमेंटचं नाव पुन्हा काढायचं नाई. नाई पोचली, तर घर विकून टाक, मी येते तुझ्या गवताखाली."

मैत्रेयी म्हणजे माझी आई, आणि पोट्टी म्हणजे मी. दादाने पटकन हो म्हटलं, त्यावरून त्याला काय वाटत होतं ते कळलंच. रविवारी तो स्वतः त्या टोकाला गाडी घेऊन उभा राहणार होता. साक्षीदार म्हणून त्याने मला नेमलं. "ही ऐकलेलं जसंच्या तसं ओकते," काकू म्हणाल्या. "साळुंकी आहे साळुंकी."

ही वाट उत्तरेकडच्या स्प्रूसच्या सूचिपर्णी जंगलातून जाते. दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी एका लाकडी केबिनमध्ये मुक्काम करायचा. केबिनमध्ये एक शेगडी, भिंतीला फळ्यांचे पलंग, कोपऱ्यात कुऱ्हाड. निघताना पुढच्या माणसासाठी सरपण फोडून ठेवायचं, एवढा एकच नियम आम्हाला सांगितला होता. दुसराही एक होता, तो कोणी सांगितला नाही, आणि सगळं रामायण त्यामुळे झालं.

पहिल्या दिवशी मी धावत चढायचे, धापा टाकत बसायचे, पुन्हा धावायचे. काकू मागून येऊन पुढे जायच्या. पावलं अगदी छोटी, पंजे बाहेर वळलेले, चढ असो की उतार, वेग एकच. मी आईला हसवायला त्यांच्या मागे त्यांची चाल करून दाखवू लागले. छोटी पावलं, पंजे बाहेर, खांदे सैल. आई हसली. मीही हसले. आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की चढ संपलाय आणि मला धाप लागलेलीच नाही.

"काकू, हे कुठे शिकलात?"

"बस नाई पाहिली का कधी? जो ड्रायव्हर दोन स्टॉपच्या मध्ये घाई करते, तो सिग्नलवर उभा राहते."

त्या रात्री केबिनमध्ये ल्यूक आणि जिनेट नावाचं एक जोडपं होतं, क्यूबेकचंच, केस पिकलेलं. त्यांनी आम्हाला वाटाण्याचं सूप दिलं. काकूंनी त्यांना डिंकाचे लाडू दिले. जिनेटने डोळे मिटून "ओ ला ला" केलं. लोक खरंच असं म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. सकाळी ती दोघं आमच्या आधी निघून गेली.

दुसऱ्या केबिनमध्ये पोचलो तेव्हा ती दोघं पुढे गेलेली होती, पण फळीवर एक निळा पत्र्याचा डबा होता. आत मेपलच्या वड्या, सुकवलेली सफरचंदं, काड्यापेटी.

"पाहा," काकूंचा चेहरा फुलला. "आपल्यासाठी ठेवून गेले. शेजारी असे असतात."

आम्ही सगळं खाल्लं. सकाळी काकूंनी डबा पुसला, त्यात सगळे उरलेले लाडू आणि काड्यापेटी भरली आणि तो आपल्या बॅगेत टाकला. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, आपोआपच येतं. आईने वरून थोडे बदाम घातले. लाडू खायला मिळणार नाहीत म्हणून मी तेवढी कुरकुर केली.

तिसरी केबिन तळ्याकाठी होती. आईच्या टाचांना फोड आले होते, पण तिथे एक जादा दिवस मुक्काम आधीच ठरलेला होता. ल्यूक आणि जिनेट तिथेच भेटली. काकूंनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला, सणाला देतात तसा.

जिनेटने डब्याकडे पाहिलं, मग ल्यूककडे. "मे नों, मदाम," ती हळूच म्हणाली. पुढचं माझ्या शाळेतल्या फ्रेंच इमर्शनच्या जोरावर मीच काकूंना सांगितलं. हा डबा त्यांचा नाही. तो त्या केबिनचा आहे. कधीपासून तिथे आहे कोणालाच माहीत नाही. ज्याच्याकडे असेल त्याने त्यात काही ठेवायचं, भिजून उपाशी येईल त्याने घ्यायचं. डबा फळीवरून हलत नाही.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. काकू पलंगावर बसल्या.

"म्हणजे मी चोरून आणला?"

"नाही हो उल्काताई," आई म्हणाली. "इथे ठेवू. कोणीतरी उलट दिशेने येईल, त्याच्या हाती देऊ."

"अन् आज कोणी त्या केबिनमध्ये ओलं होऊन आलं, फळीवर हात टाकला, तर?"

छपरावर पाऊस वाजत होता.

सकाळी उजाडत होतं तोच काकू बूट बांधत होत्या. बॅग पाठीवर, डबा हातात.

"ताई, वेड लागलंय का? एक टप्पा मागे, तोच टप्पा पुन्हा पुढे, एका दिवसात? उद्या डोंगर आहे. परवा रविवार!"

"तुझ्या फोडांसाठी एक दिवस ठेवला आहे ना? मला फोड नाई."

"निदान बॅग तरी इथे ठेवा," मी म्हटलं.

"विक्रम तुले विचारेन, पूर्ण वेळ बॅग पाठीवर होती का. तेव्हा तू काय खोटं बोलशील?"

त्यांना एकटं जाऊ देणं शक्यच नव्हतं, म्हणून मीही बूट घातले. पण मी चिडले होते. एका डब्यापायी त्या स्वतःचं घर घालवत होत्या. "काकू, लिहून देते, तुम्ही रविवारी पोचणार नाही."

"लाव पैज."

"लावली."

"हरलीस तर यंदा हिवाळाभर माझा ड्राइव्हवे तू शोव्हल करायचा."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर ड्राइव्हवेच राहणार नाई." त्या हसल्या. मला हसू आलं नाही. "मग गणपतीत स्टेजवर माझी नक्कल कर. मी विनिपेगहून येऊन पहिल्या रांगेत बसते."

पाऊस थांबून धुकं उतरलं होतं. झाडं नुसती पुसट खांबांसारखी. एका दलदलीपाशी काकूंनी हात आडवा केला, बसमध्ये मूल उठलं की करतात तसा. समोर, हाक मारावी एवढ्या अंतरावर, एक मूस, इथला सांबरासारखा थोराड प्राणी, पाण्यातून चालला होता. घोड्याहून उंच, शिंगांवरून शेवाळ लोंबत होतं. एकेक पाय पाण्यातून निघायचा आणि पुन्हा बुडायचा, आणि त्याचा आवाज सगळ्या जंगलात तेवढा एकच. मी कुत्रा, कावळा, स्नोप्लाऊ, कशाचाही आवाज काढते. तो आवाज माझ्या घशात नाही. मी प्रयत्नही केला नाही.

"आधी त्याला उतरू दे," काकू कुजबुजल्या. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो.

थोडं पुढे आमच्या मंडळातला उन्मेष दिवसाच्या फेरीला आलेल्या ऑफिसच्या टोळक्याबरोबर, मधल्या फाट्याने वाटेला लागून, समोरून आला. तो ओटावाच्या कनाटा भागात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "राइट?" लावतो.

"काकू! तुम्ही राँग डायरेक्शनला, राइट? बेअर-बिअर दिसलं की काय?"

"हाव," काकू न थांबता म्हणाल्या. "मोठं होतं. जा तू, आता पोट भरलं त्याचं."

बातमी जन्मली ती तिथे.

दुसऱ्या केबिनमध्ये कोणीही नव्हतं. रात्रीही कोणी आलेलं नव्हतं. शेगडी थंड, सरपण जसंच्या तसं. काकूंनी डबा फळीवर ठेवला, झाकण घट्ट आहे का पाहिलं, थोडा मागे सरकवला. पाणी प्यायल्या. एक टप्पा डोंगराळ जंगल तुडवून आलो होतो आणि काम एवढंसंच होतं.

"कोणी आलंच नव्हतं," मी म्हटलं.

"हाव. बरं झालं. चल."

परतीच्या वाटेवर माझी बडबड बंद पडली. मी त्यांच्या मागे नुसती त्यांची चाल चालत होते, छोटी पावलं, पंजे बाहेर, आणि आता त्यात नक्कल उरली नव्हती. पोचलो तेव्हा सूर्य तळ्याला टेकला होता. आई आणि जिनेट काठावर उभ्या होत्या. जिनेटने काकूंना पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

दुसऱ्या दिवशीच्या डोंगराने मात्र वसुली केली. वर नुसता उघडा खडक. माथ्यावरून सेंट लॉरेन्स दिसली. नदी असं म्हणायचं म्हणून, दुसरा काठ आभाळात विरून गेलेला, आणि तिच्यावर ढगांच्या सावल्या गुरांसारख्या चरत होत्या. काकू बॅगेचे पट्टे ओढून धरत म्हणाल्या, "खिडकी असावी तर अशी."

उतरताना उंच दगडांवरून त्या तोंड डोंगराकडे करून, हात टेकत, शिडी उतरावी तसं उतरत होत्या. डाव्या मनगटावर भार पडला की ओठ आवळायच्या. आईने बॅगेच्या पट्ट्याला हात घातला.

"हात लावू नको, मैत्रेयी. घर जाईल."

आईने हात मागे घेतला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

रविवारी सकाळी त्या बुटांत पाय घालू शकल्या तेच आश्चर्य होतं. वेग तोच, फक्त पावलं आणखी छोटी. मी पुढे धावून वळण बघायचे, मागे येऊन सांगायचे. पैज मी त्या हरणार यावर लावली होती, आणि प्रत्येक वळणाला मनातल्या मनात ओरडत होते, "चला ना काकू, चला." शेवटी झाडं संपली. खाली गाव, चर्चचा चंदेरी कळस, आणि पार्किंगमध्ये एक गाडी. तिला टेकून विक्रमदादा उभा, नजर फोनवरच्या घड्याळात.

त्याने मान वर केली. आपल्या आईकडे पाहिलं, मग पळत पुढे आला आणि ऐनवेळी थांबला, कारण वाटेचा शेवटचा खांब अजून काकूंच्या पुढे होता. त्या त्याच वेगाने आल्या. खांबाला हात लावला.

दादा माझ्याकडे वळला. मीटिंगवाला आवाज फुटला होता. "बॅग? सगळी वाट?"

"सगळी वाट," मी म्हटलं. "आणि वर एक टप्पा मागे जाऊन पुन्हा पुढे. बॅगेसकट."

"मागे? कशाला?"

"डबा ठेवायला."

त्याला काही कळलं नाही. तो काकूंच्या पाठीवरची बॅग एका हाताने उचलून घ्यायला गेला, ती हलली नाही. दुसरा हात लावला. तरी वाकावं लागलं. बॅग पोटाशी धरून तो तसाच उभा राहिला आणि आईच्या खांद्यांवरचे लाल वळ बघत राहिला.

"आई," शेवटी म्हणाला, "मग ते बेसमेंट मी भाड्याने देऊ?"

"दे ना. चांगलं आहे. खिडकी आहे."

तेवढ्यात चर्चची बाराची घंटा वाजायला लागली. काकू एका दगडावर बसल्या, बुटाची नाडी सोडली, आणि घंटेचे टोल चालू असतानाच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "साळुंकी, फावडं गॅरेजमध्ये डाव्या हाताला आहे. दांडा जरा सैल झाला आहे, ऑक्टोबरच्या आत ठोकून घे."