लागला नाही की लागत नव्हता?

डिचोलीजवळच्या एका खाणीवर दगड निवडणारी शांता मूळची सावंतवाडीकडची. पस्तिशीत ती मये गावच्या प्रौढवर्गात अक्षरं शिकली, तीही तिथल्या शिक्षिका विनोदिनीबाईंच्या शिव्या खात. गावात कोकणी की मराठी हा वाद पेटलेला. बाई शुद्ध मराठीच्या कट्टर, आणि ही वर्गातही मालवणीच बोले. बाईंना ती डोळ्यांसमोर नको असे. तिने भूतकाळात घोळ घातला की बाई तिची पाटी पालथी घालीत. "एकदाच घडलं की सतत घडत होतं, हे जिला सांगता येत नाही तिनं तोंड उघडू नये," असं चारचौघींत सुनावीत. शांता धुसफुसत घरी जाई आणि हट्टाने काळ घोकत बसे.

गोवा घटक राज्य झालं त्या पावसाळ्याच्या तोंडावर खाणीवर ट्रक मागे घसरला आणि शांतासोबत दगड निवडणाऱ्या कमलाक्षीचा पाय चिरडला. तिसऱ्या दिवशी मुकादम रामचंद्रने बायकांच्या जबानीचा कागद आणला. बाकीच्यांनी आंगठे उठवले होते. शांता वाचू लागली.

"वाचतेस कसलं? सही कर."

"'त्या दिवशी ब्रेक लागला नाही' असा लिवलात. ब्रेक पंधरा दिस लागत नव्हतो. मी तुमका दोनदा सांगितलंय."

"एकच ते."

"एक नाय." तिने 'लागला नाही' खोडून 'पंधरा दिवस लागत नव्हता' लिहिलं आणि खाली सही केली.

रामचंद्रने कागद टराटरा फाडला. "भायल्यांक, सावंतवाडीच्यांक काम दिलां ना, हीच चूक जाली. उद्यापासून येऊ नको."

शांताने घरी तेच पुन्हा लिहिलं आणि बाईंना दाखवायला नेलं. बाईंनी तिला बसायलाही सांगितलं नाही. दारातच एक वेलांटी सुधारून कागद परत दिला.

तो कागद तिने कामगार निरीक्षकाच्या हातात ठेवला. चौकशीत त्या ट्रकचा ड्रायव्हर सगुणनेही तेच सांगितलं. दोष कंपनीवर आला, रामचंद्रची बदली झाली. शांताला मात्र कामावर परत घेतलं नाही. ती तुये गावच्या एका कारखान्यात लागली. आंगठे दिलेल्या बायका बाजारात तिला पाहून रस्ता बदलीत. तिनेही कधी कोणाला हाक मारली नाही.