ज्येष्ठता यादीतली पहिली ओळ

वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास आला की जयपूरच्या राजा पार्कमधला एक संगणक वर्ग आठवतो. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी रेल्वेत कारकून होते. आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, मार्चमध्ये वारले होते आणि त्यांच्या जागेसाठी स्प्रेडशीटची परीक्षा द्यावी लागणार होती. जूनमधली दुपारची बॅच निम्म्या फीमध्ये मिळाली. अट एवढीच की वर्ग सोडून गेलेल्या कुणाची तरी फ्लॉपी वापरायची. मला मिळालेली फ्लॉपी आमच्यापैकीच कुणाची तरी असावी, कारण तिच्यात आमच्याच कार्यालयाची सेवाज्येष्ठता यादी निघाली. पहिलं नाव बडेबाबूंचं, दुसरं माझं. बाहेर झळा होत्या, खोलीत फक्त कूलरची घरघर. मयताचं नाव यादीत ठेवत नाहीत, म्हणून मी ती ओळ काढून टाकली. लगेच माझा क्रमांक जाऊन तिथे चूक असल्याची खूण उमटली. मग खालच्या प्रत्येक नावापुढे, अगदी शेवटपर्यंत. शिकवणारे मागे येऊन उभे राहिले. “मॅडमजी, पहली लाइन उड़ा दी? बाकी सब उन्हीं से गिने जा रहे थे.” “पण ते तर वारले,” मी मराठीतच बोलून गेले. त्यांना ते समजलं असावं. “मशीन को किसने बताया?” ते शांतपणे म्हणाले. मी बडेबाबूंचं नाव पुन्हा टाइप केलं, सूत्र जोडलं. सगळे आकडे परत आले. परीक्षा पास झाले, त्यांच्या खुर्चीवर वीस वर्षं बसले, आणि मी ठेवलेल्या यादीत पहिली ओळ त्यांचीच, माझा क्रमांक दोनच राहिला. ते सूत्र बदलायला पाच मिनिटं लागतात, हे मला त्या वीस वर्षांतही माहीत होतं.