बाकीची आठ झाडं

२० फेब्रुवारी. रद्दी बांधायला बसले, तर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात आमच्या थोरल्या दिरांचं झाडांचं पुस्तक निघालं. कधीही न पाहिलेल्या झाडांवर एवढा जीव टाकणारा माणूस तारनाक्यातच काय, अख्ख्या हैदराबादेत दुसरा नसेल. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्म काढला, वाडी जंक्शनच्या पलीकडे कधी गेले नाहीत. पण ओक, मेपल, बर्च यांची पानं त्यांना घरच्यांच्या चेहऱ्यांहून जास्त पाठ. थंड मुलखातल्या झाडांच्या चित्रांचं हे पुस्तक त्यांनी कोठी बाजारातल्या फुटपाथवर घेतलं. शेवटचं, हिवाळ्याचं प्रकरण फाटलेलं. विकणारा म्हणाला, "पन्ने गए तो गए साब, झाडां तो हैं ना!" तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यातल्या झाडांची पानं पेन्सिलीने उतरवायची, हाच उद्योग. बेगम बाजारात अक्रोड आणायला पाठवलं, तर त्याचं पान कसं असतं ते पोत्यापुढे उभे राहून सांगत बसले. "चाचा, अखरोट होना कि रिश्ता?" व्यापाऱ्याने विचारलं; अक्रोड हवाय की सोयरीक! अंगणातलं झाड कसलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते आपलंच आहे. त्याला काय ओळखायचं?" मी त्याला कपड्यांची दोरी बांधली.

मग त्यांचा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला आणि त्याने तिकीट पाठवलं. त्याची सुटी डिसेंबरात, म्हणून डिसेंबरचं. भाऊजी पुस्तक हातात धरून विमानात चढले. गेल्या आठवड्यात परतले, तेव्हापासून पेन्सिलीला हात नाही.

"हे रद्दीत कसं, भाऊजी?"

"मीच टाकलं. एकाही झाडाला पान नव्हतं गं. खिडकीसमोर नऊ झाडं. बर्च ओळखला, पांढऱ्या सालीवरून. तो कुणीही ओळखेल. बाकीची आठ तशीच राहिली."

"उन्हाळ्यात जा परत."

"या गुडघ्यांनी?"

पुस्तक झटकलं, तर आतून कागद पडले. नऊ बोडकी झाडं, फांदीन् फांदी रेखलेली. प्रत्येकाखाली नावाची चौकट. एकीत 'बर्च', आठ कोऱ्या.

२१ फेब्रुवारी. सकाळी रद्दी दिली, कोपऱ्यावर आठ चित्रांची झेरॉक्स काढली, आकडे घातले आणि पुतण्याला पोस्टाने पाठवली. सोबत लिहिलं: 'मे महिन्यात तुझ्या खिडकीसमोरच्या या प्रत्येक झाडाचं एक पान दाबून पाठव. वर आकडा टाक. नावं तुला कळायची गरज नाही.' पुस्तक भाऊजींच्या टेबलावर ठेवलं.

"हे गेलं नाही?"

"रद्दीवाला फाटकं घेत नाही," मी म्हटलं आणि त्यांच्या पेन्सिलीला टोक काढलं.