खंडोजींचं ॲडजस्ट

बंगळूरमधल्या के. आर. पुरमच्या खंडोजींना कुणाला ‘नाही’ म्हणायला जमत नसे. सगळ्यावर त्यांचा एकच शब्द होता, ॲडजस्ट. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात ते लेथ मशीन लावून द्यायचे. तिथे ॲडजस्ट म्हणजे केसभरही फरक खपायचा नाही. कुणी ‘चालतंय’ म्हटलं की खंडोजी डोळे वटारायचे. पण गेटाबाहेर पडल्यावर हाच शब्द कसा सैल व्हायचा ते बघावं. बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरे म्हणून टेकताना, “स्वल्प ॲडजस्ट माडी,” म्हणजे कानडीत थोडं ॲडजस्ट करा. सांबार खारट झालं, ॲडजस्ट. आठवड्यासाठी आलेले पाहुणे महिनाभर राहिले, तरी ॲडजस्टच. बायको राजलक्ष्मी म्हणायची, हे म्हणणार ॲडजस्ट आणि करणार मी.

अशा माणसाने सत्त्याण्णव साली घरातली एकुलती एक बैठकीची खोली एकाच रविवारी दोघांना देऊन टाकली. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू महांतेश यांनी मुलाच्या बारशासाठी ती मागितली, आणि त्याच दिवशी खंडोजींच्या मुलीला, चंदनाला, बघायला होसकोट्याची मंडळी येणार होती. खंडोजी दोन्हीकडे “सरी, सरी”, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणून मोकळे झाले.

चंदनाचं तोंड फुगलं. तीही बोम्मसंद्र्यालाच नोकरीला होती. बसथांब्यावर रोज भेटणारा अभिराज तिला मनापासून आवडला होता, आणि आता त्याच्याच घरचे येत होते. हे स्थळ फिसकटलं तर अप्पांशी बोलणार नाही, असं तिने आईला सांगून ठेवलं.

पाहुणे आले तेव्हा खोलीत पाळणा टांगलेला, बायका गाणी म्हणत होत्या आणि खुर्च्या सगळ्या भरलेल्या. अभिराजची आई सोयराबाई दारातच थबकल्या. खंडोजी घामाघूम होऊन पुढे झाले आणि हात जोडून स्वल्प ॲडजस्ट करायला सांगू लागले. सोयराबाई चटईच्या कडेला बसल्या. बाळाची आई भाग्यलक्ष्मी गडबडीत होती. तिने बाळ सरळ त्यांच्याच मांडीवर दिलं. ते तिथेच झोपलं. घुगऱ्या आल्या, पोहे आले, आणि मुलगी बघण्याचा कार्यक्रम पाळण्याशेजारीच उरकला.

मग सोयराबाईंनी मुद्द्याला हात घातला. “मुलगी पसंत आहे. आज आम्ही ॲडजस्ट केलं. लग्नानंतर नोकरी सोडून तिने ॲडजस्ट करावं.”

राजलक्ष्मीने कपाळाला हात लावला. आता नवऱ्याचं ‘सरी’ येणार, हे तिला ठाऊक होतं. खंडोजींनी तोंड उघडलंही. पण समोर चंदना उभी होती. तिला नोकरी लागली तेव्हा साऱ्या गल्लीला म्हैसूरपाक वाटणारे तेच होते.

“नाही, अक्का,” ते म्हणाले. “हे ॲडजस्ट होणार नाही.”

खंडोजी स्वतःच दचकले. पोरीचं स्थळ आपण आपल्या हाताने घालवलं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात अभिराजने घसा साफ केला. तिने नोकरी सोडूच नये, असं तो म्हणाला. सकाळी दोघं एकाच बसने जातील, आणि भात त्याला लावता येतो. सोयराबाईंनी लेकाकडे पाहिलं, खंडोजींकडे पाहिलं, मग मांडीवरच्या बाळाकडे.

“सरी,” त्या म्हणाल्या. “हळू बोला, बाळ उठेल.”

पाहुणे गेल्यावर खंडोजी मोरीत कपबशा विसळत बसले होते. चंदना मागे येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

“अप्पा, तुम्हाला नाही म्हणता येतं?”

“कुठलं येतंय,” खंडोजी म्हणाले. “एवढं एकदा ॲडजस्ट करून घे.”